‘ब्राउन गर्ल ड्रीमिंग’ : शिक्क्यांकडे न बघता वाचावं असं पुस्तक

मुखपृष्ठावर बक्षिसांच्या शिक्क्यांची गर्दी दिसली की मला आधी संशय येतो. माझी सारी नोकरी गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत झाली आणि ‘मुलांसाठी उत्तम’ म्हणून वरून आलेली किती पुस्तकं कपाटात कोरीच्या कोरी राहतात ते मी बघितलंय. अमेरिकेतल्या काळ्या लेखिका जॅकलिन वुडसन यांच्या ‘ब्राउन गर्ल ड्रीमिंग’ला २०१४ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, पुढच्या वर्षी कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार मिळाला, वर मुलांच्या पुस्तकांसाठीचा न्यूबेरीचा मानही. म्हणून मी जरा लांबच होते. शेवटी भाचीनं आपल्या मुलीसाठी मागवलं, आणि पोरीच्या हातात पडायच्या आधी मावशीआजीनंच वाचून संपवलं.

हे आत्मचरित्र आहे आणि सगळं कवितांत आहे. कविता म्हटल्यावर पुस्तक मिटणाऱ्यांनी थोडं थांबावं. यमक नाही, छंद नाही, अवघड प्रतिमांचा पसारा नाही. एखादी बाई ओसरीवर बसून बोलतेय आणि मध्येमध्ये दम घेतेय, तशा ओळी. काही कविता दोन-तीन पानांच्या, काही नुसत्या तीन ओळींच्या. आठवणी सुपात घालून पाखडल्यात; फोल सगळं उडून गेलंय. इंग्रजी साधं आहे. नववी-दहावीचं इंग्रजी नीट झालेल्या कुणालाही शब्दकोश फारसा उघडावा लागणार नाही.

वुडसन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९६३ चा, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातला. आईवडिलांचं पटलं नाही. आई मुलांना घेऊन माहेरी आली, दक्षिणेत, साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला. तिथं आजी-आजोबांच्या हाताखाली बालपण, आणि पुढं आई न्यूयॉर्कला गेली तेव्हा तिच्यामागून तिथल्या ब्रुकलिन भागात. गोष्ट म्हणाल तर एवढीच.

पण साल १९६३. त्याच वर्षी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बर्मिंगहॅममध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी शाळकरी पोरं मोर्च्यात उतरली आणि त्यांच्यावर पाण्याचे बंब सोडले गेले. ऑगस्टात वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण झालं. सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार काळ्या मुली गेल्या. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा, १९६५ मध्ये मतदानाचा. एवढा इतिहास डोक्यावर असताना लेखिका काय करते, तर आजोबांच्या परसात जाते. वाल, मका, लाल माती. संध्याकाळी आजोबा कामावरून येतात त्या रस्त्याकडे डोळे लावून बसलेली तीन पोरं. मोर्चे आहेत, पण कडेकडेनं. शेजारच्या मिस बेल यांच्या दिवाणखान्यात मोर्च्याच्या बैठका होतात. त्या स्वतः मात्र मोर्च्यात जात नाहीत, कारण ज्या गोऱ्या बाईकडे त्या कामाला आहेत तिनं बजावलंय की चालताना दिसलीस तर काम गेलं. म्हणून त्या बाकीच्यांना जेवू घालतात. लहान मुलीला एवढंच दिसतं आणि कविता तेवढंच दाखवते. चळवळीवरच्या जाड पुस्तकांत मिस बेलना ओळसुद्धा मिळत नाही.

मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती आजोबांपाशी. गनर आयर्बी त्यांचं नाव. छापखान्यात कामाला, आणि साधे कामगार नव्हे, फोरमन. एका कवितेत दिवस संपतानाचं चित्र आहे : काळे-गोरे सगळे एकाच मशिनवर राबलेले, सगळ्यांची बोटं शाईनं बरबटलेली, इतकी की तळहात वर करून धरले तर गोरा कुठला नि काळा कुठला ते कळू नये. आणि तरीही हाताखालचे गोरे त्यांना नुसत्या नावानं हाक मारतात. फोरमनला मिस्टर आयर्बी म्हणायचं असा रिवाज, पण तो यांच्या वाट्याला येत नाही. आजोबा वाद घालत नाहीत. समोरच्याच्या डोळ्यांत बघून काम सांगतात. दक्षिण बदलतेय आणि या लोकांना ते फार लवकर होतंय, एवढं ते समजून आहेत.

हे वाचताना मला ग्रीनव्हिल लांबचं वाटेना. मीही साठच्या दशकातच जन्मले. आम्ही मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे. माझे आजो भाटकाराच्या भाटात, माडांच्या बागेत, मुकादम होते. नारळ पाडायच्या दिवशी पाडेली कुठल्या माडापासून चढणार, कुठला माड सोडायचा, रास किती झाली, सोलायला किती गेले, सगळा हिशेब त्यांच्या तोंडी. कागद नव्हता. आणि भाटकाराचा अर्ध्या चड्डीतला मुलगा सुट्टीला गावी आला की पडवीच्या सोप्यावरून त्यांना नुसत्या नावानं हाक मारायचा, वर एक ‘रे’. आजो खळ्यात उभे. पायरी कधी चढले नाहीत. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे आता जास्त टोचतं. वुडसन यांच्या कवितेतल्या मुलीला मात्र ते खटकतं. ती बोलून दाखवत नाही, पण तळहातांवरची शाई तिनं बघून ठेवलीय.

आमच्याकडेही कायदे त्याच सुमाराला आले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, १९६३ च्या डिसेंबरात पहिली विधानसभा निवडणूक होऊन भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७५ मध्ये मुंडकार कायदा. घराखालच्या जमिनीसाठी मामलेदार कचेरीत अर्ज करता येऊ लागला. अर्ज आजोंनी केला. पायरी तरीही चढले नाहीत.

याच्याशी जुळणारी एक कविता पुस्तकात आहे आणि मला ती साऱ्या पुस्तकात सरस वाटली. ग्रीनव्हिलच्या बाजारपेठेतल्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ या पाट्या रंग मारून पुसल्यात. पण संडासाच्या दारांवर रंग पातळ लावलाय. खालची अक्षरं दिसतात. भूत दारात उभं राहून अजून आत येऊ देत नाही, असं ती म्हणते. इन मीन काही ओळींची कविता आहे. ‘कायदा आला पण मानसिकता बदलली नाही’ हे वाक्य आपण सभांमधून इतक्यांदा ऐकलंय की कानाला काही होत नाही. इथं पातळ रंगाचा एक हात आहे आणि त्यातून डोकावणारी अक्षरं आहेत. माझ्या भाचीच्या मुलीला मी ही कविता मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, “मग दुसरा हात का नाही मारला?” सहावीतली पोर आहे. समीक्षक म्हणून मी तिला माझ्या वर ठेवीन.

महाराष्ट्रातले वाचक इथं लगेच म्हणतील की फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, १९७२ मध्ये मुंबईत तिथल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर उभी राहिली, हे नातं जुनं आहे. आहेच. व्याख्यानांतून ते नेहमी येतं, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. शिवाय या पुस्तकाचा सूर आपल्या दलित आत्मकथनांचा नाही. ती वाचणाऱ्याची कॉलर धरतात, आणि धरायलाच हवी होती. वुडसन कॉलर धरत नाहीत. काहींना हे मवाळ वाटेल. ‘एवढं सोसलं, मग राग कुठाय?’ असं माझ्या एका सहकारी बाईंनी विचारलंच. मी त्यांना आजीच्या पायांची कविता काढून दिली. आजी गोऱ्यांच्या घरी साफसफाईला जाते. संध्याकाळी येते ती सुजलेले पाय घेऊन. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवून बसते आणि नातींना सांगते की मला या कामाची लाज नाही, हे मला येतं म्हणून मी करते, पण तुमच्यापैकी कुणी हे करायचं नाही. तुम्हाला करावं लागू नये म्हणूनच मी करतेय. राग आहे तो असा, पातेल्यातल्या पाण्यात. सहकारी बाईंचं समाधान झालं नाही. ठीक आहे.

आता शिक्षिका म्हणून बोलते, कारण मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग पुढंच आहे. जॅकलिनची मोठी बहीण ओडेला हुशार, वर्गात पुढं. त्यामुळे बाईंना धाकटीही तशीच निघेल असं वाटतं. ही निघत नाही. हिला वाचायला वेळ लागतो. ओळी हलतात, एकच पान पुन:पुन्हा वाचावं लागतं, तेव्हा कुठं ते आत जातं. वरच्या इयत्तेची पुस्तकं वाच, भरभर वाच, असं तिला सांगतात. मग एक दिवस बाई वर्गात ऑस्कर वाइल्डची त्या आपमतलबी राक्षसाची गोष्ट वाचतात. हिला ती इतकी लागते की बहीण ग्रंथालयातून आणून देते आणि ही ती वाचत राहते, वाचत राहते, शेवटी सगळी पाठ. वर्गात पुस्तक न उघडता ती गोष्ट म्हणून दाखवते आणि वर्ग थक्क. एवढे शब्द कसे लक्षात राहिले, हे तिला कुणाला समजावून सांगता येत नाही.

अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. आम्ही त्यांना ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेलं आहे. कुणी कबूल करो न करो, पेडण्यातल्या शाळांत हे चालायचं आणि पणजीतही चालायचं. तेच पुस्तक तिसऱ्यांदा मागणाऱ्या मुलाला ‘हे झालंय ना वाचून?’ म्हणणारे शिक्षक मी पाहिलेत. बी.एड.च्या अभ्यासक्रमात वाचनावर जे काही शिकवतात त्याऐवजी या पाच-सहा कविता वाचायला दिल्या तरी चालेल. पाचवीतल्या मिस व्हिवो या बाई तिला सांगतात की तू लेखिका आहेस. घरात मात्र गोष्टी रचण्याला खोटं बोलणं म्हणतात; आज खोटं बोललीस तर उद्या चोरी करशील, अशी आईची तंबी. फक्त रॉबर्टमामा म्हणतो, रचत राहा.

ग्रंथालयाची एक गोष्ट पुस्तकाबाहेरची जोडते. ज्या ग्रीनव्हिलमध्ये ही मुलगी वाढली, तिथं जुलै १९६० मध्ये आठ काळ्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसल्याबद्दल अटक झाली होती. ते ग्रंथालय गोऱ्यांचं होतं. त्या आठांत जेसी जॅक्सन होते, पुढं राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेच. हे माहीत असलं की ब्रुकलिनमधली एक साधी कविता वेगळी लागते : दर सोमवारी आई मुलांना कोपऱ्यावरच्या ग्रंथालयात नेते, प्रत्येकाला सात पुस्तकं घ्यायची मुभा, आणि ही फक्त चित्रांची पुस्तकं उचलते तरी तिला कुणी हटकत नाही. तिथंच तिला एक चित्रपुस्तक सापडतं ज्यातली मुलं तिच्या रंगाची असतात. म्हणजे आपल्यासारख्यांच्याही गोष्टी असतात, हे तिला तेव्हा कळतं.

आता उणी बाजू. पुस्तकाला टिपा नाहीत. सुरुवातीलाच रोझा पार्क्स, रुबी ब्रिजेस, माल्कम एक्स, जेम्स बाल्डविन ही नावं येतात आणि अमेरिकन मूल ओळखेल असं धरून पुढं जातात. आमच्या पोरीसाठी मी पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलं : रोझा पार्क्स, १९५५, माँटगोमेरी, बसमधली जागा सोडायला नकार, रुबी ब्रिजेस, १९६०, न्यू ऑर्लिन्स, सहा वर्षांची मुलगी, मार्शलच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत. एवढं केलं की मूल अडत नाही. घरात कुणी मोठं सांगायला नसेल तर मात्र बरंच निसटेल.

ब्रुकलिनमधला अर्धा भाग मला सैल वाटला. धाकटा भाऊ रोमन भिंतीचा रंग खरवडून खातो आणि अंगात शिसं भिनून इस्पितळात जातो, तो प्रसंग जबरदस्त आहे. रॉबर्टमामा तुरुंगात जातो, मुलं बसमधून लांब त्याला भेटायला जातात, तेही. मैत्रीण मारिया आणि ही, दोघींच्या घरच्या जेवणाची अदलाबदल गोड आहे. पण मध्येमध्ये अशा कविता येतात ज्या गद्याच्या ओळी कापून खाली खाली लिहिल्यासारख्या आहेत. ‘कसं ऐकावं’ या नावानं अधूनमधून येणाऱ्या तीन-तीन ओळींच्या कवितांपैकी दोन-तीन सोडल्या तर बाकीच्या नसत्या तरी चाललं असतं. सुभाषितं मला एकूणच झेपत नाहीत.

आजी यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाची आहे. मुलांना शनिवारी सकाळी दारोदार जाऊन धर्माची मासिकं द्यावी लागतात, वर्गात झेंड्याला प्रतिज्ञा म्हणताना बाहेर थांबावं लागतं, वाढदिवसाचा केक खायचा नाही. आजोबा मात्र त्यात नाहीत; बागेत राबतात, सिगारेट ओढतात, खोकतात. मग त्यांचं पुढं काय होणार, देव त्यांना घेईल की नाही, ही पोरांची काळजी. गोव्यात वाढलेल्यांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. एका वाड्यावर देऊळ नि कपेल (छोटं चर्च) दोन्ही असलं की मुलं एकमेकांच्या सद्गतीची चर्चा पेरू खाता खाता करतात.

कुणी घ्यावं? मूल सहावी-सातवीच्या पुढचं असेल तर द्या, पण सोबत बसा. शिक्षकांनी तर स्वतःसाठीच घ्यावं. लिहायला बसलेल्या माझ्या वयाच्या बायकांनीही. गोव्यातल्या मुंडकारांच्या घरांतलं साठ-सत्तरच्या दशकातलं बालपण मराठीत मला फारसं वाचायला मिळालेलं नाही, आणि ते आठवणारी माणसं अजून आहेत. पाचशे पानांचं आत्मचरित्र लिहायचं दडपण येत असेल तर हे बघा, एका शाईच्या तळहातावर एक पान होतं. चळवळीचा सलग इतिहास हवा असेल त्यांनी मात्र दुसरं काही घ्यावं. इथं तारखा जुळवत बसावं लागेल.

घेणार असाल तर पेपरबॅक घ्या. आम्हाला पाचशेच्या आत मिळालं, त्यात नंतर लिहिलेल्या सात कविता जास्त आहेत. कुरिअरवाल्यानं कोपरा दुमडून आणला, पण बांधणी घट्ट आहे, तीनशेच्या वर पानं असून पाठ मोडत नाही. टाइप मोठा आहे, चष्म्याशिवाय नाही पण चष्म्यानं आरामात वाचता येतो. सुरुवातीला वंशावळ आहे, ती आधी नीट बघा, नाहीतर मावश्या-मामांत गोंधळ होतो. शेवटी कुटुंबाचे जुने फोटो आहेत. ते पोरीनं पहिल्यांदा बघितले, मी शेवटी. तिची पद्धत बरी, चेहरे माहीत झाले की कविता लवकर आत जातात. ऑडिओबुक वुडसन यांच्याच आवाजात आहे, त्यांचा वाचायचा वेग संथ आहे आणि ओळ कुठं थांबते ते ऐकून कळतं. मोबाइलवर ई-बुक मात्र घेऊ नका. पडदा अरुंद असल्यामुळे ओळी भलतीकडेच तुटतात आणि लेखिकेनं कुठं तोडली नि फोननं कुठं, हे कळेनासं होतं.